व्हिडिओ गेममध्ये खरंखुरं रोल प्लेइंग होतं का, की नुसत्या लेव्हल वाढवायच्या?

होतं, पण एकट्याने खेळताना अर्धंमुर्धंच. सांगलीकराला पटेल असा दाखला देतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे नाटक उभं केलं, तेव्हा सूत्रधार पदं गायचा आणि पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी रचायची. भूमिका करणं म्हणजे ते. ‘बाल्डर्स गेट ३’ या रोल प्लेइंग गेममध्ये (२०२३) उत्तरांचे पर्याय ढीगभर, पण सगळे आधी लिहिलेले, तुम्हाला ऐनवेळी सुचलेलं वाक्य गेमच्या गावीही नसतं. ‘जीटीए ५’ (ग्रँड थेफ्ट ऑटो) या गेमच्या रोल प्ले सर्व्हरवर, म्हणजे अनेकजण ऑनलाइन एकत्र भूमिका करतात तिथे, मात्र पोलीस, मेकॅनिक, चोर ही जिवंत माणसं, त्यामुळे संवाद तिथल्या तिथे घडतो. अट एकच: सगळ्यांनी सोंग सोडायचं नाही. एकाने उगाच गाडी अंगावर घातली की प्रयोग तिथेच फसतो. (लेव्हल म्हणजे पात्राच्या ताकदीचा निव्वळ जमाखर्च.)