बेळगावात अचानक नोकरी गेली. आवडीच्या कामात पडायला धीर कुठून आणायचा?

वय अडतीस, उद्यमबागेतल्या कारखान्यातली नोकरी एका दिवसात गेली, मन लाकडाच्या कोरीवकामात आहे आणि घरचे म्हणतात पुणे गाठ. तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना. यातलं बरंचसं माझ्यावर गेलंय.

आधी धीर गोळा करायचा आणि मग काम सुरू करायचं, हे मला पटत नाही. धीर पहिल्या गिऱ्हाईकासोबत येतो.

मी एका मशीन शॉपमध्ये आधी लेथवर आणि नंतर सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर होतो. पगाराच्या दिवशी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. वरच्या कंपनीची ऑर्डर थांबली, उद्यापासून रात्रपाळी बंद, असं सांगितलं. मी रात्रपाळीचाच होतो.

पेटी म्हणजे हार्मोनियम, तिच्या दुरुस्तीचा नाद मात्र जुना. वडील भजनात पेटी धरायचे. शहापुरातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे मी रविवारी जाऊन बसायचो, भात्याला कातडं चिकटवायला तिथंच शिकलो. नोकरी गेली त्याच आठवड्यात खानापूरकडच्या एका गावातून बोलावणं आलं. सप्ताह तोंडावर होता आणि मंडळाची पेटी बंद. भाता उंदरांनी कुरतडलेला, दमट हवेनं पट्ट्या फुगून अडकलेल्या, काही सूर मुके. तिकडं जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस कसा असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे.

देवळातच पेटी खोलून बसलो. सूर म्हणजे पितळेची पातळ जीभ. टोकाकडं घासली की स्वर चढतो, मुळाकडं घासली की उतरतो. घासताना हात जरा जास्त चालला तर दुसऱ्या बाजूनं घासून परत आणावा लागतो, आणि प्रत्येक वेळी पितळ कमी होतं. खरज (खालच्या सप्तकाचा सूर) आणि नर (त्याच्या वरच्या सप्तकाचा) एकत्र वाजवले की जुळत नसतील तर आवाजात लाटा येतात. त्या विरेपर्यंत हे काम चालतं. दहा-वीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, सांभाळायची सवय असलेल्या हाताला याची भीती वाटली नाही. कारखान्यातली वर्षं वाया गेली, असं कुणी म्हटलं की मला ही रात्र आठवते. पहाटे बुवांनी काळी एकमध्ये अभंग धरला, शेवटपर्यंत गायले, मग मंडळाच्या वर्गणीतून पैसे दिले आणि शेजारच्या गावच्या मंडळाकडं जायला सांगितलं. धीर मला तिथं आला.

आमचे दाजी पिंपरीत असतात. दर दिवाळीला तोच वाद. "इथं काय करूलास? चाकणला लावतो तुला. पेटी आता कोण वाजवतंय?" दाजी, आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती, तरी आपल्या गावांतलं एक भजन पेटीवाचून थांबलं नाही. पं. रामभाऊ विजापुरे याच बेळगावात राहून आयुष्यभर पेटी वाजवत आणि शिकवत राहिले. कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले ते इथल्याच सुळेभावीला. या मुलखाला सुरांची भूक आहे. चंदगड-गडहिंग्लजची भजनी मंडळं माझ्याकडं येतात, तशीच बैलहोंगल-धारवाडकडची कन्नड तत्त्वपदं, म्हणजे संतांची तत्त्वज्ञानाची पदं गाणारी माणसंही. दोन्ही भाषा तोंडात असल्याचा इतका फायदा मला पुण्यात कधीच झाला नसता. सीमाभागात राहणं म्हणजे नशिबाचा भोग असं आपलीच माणसं बोलतात, त्याचा मला मनापासून राग येतो.

तर तुम्ही पुण्याला जाऊ नका. कोरीवकामाचं एक काम आणा, देव्हारा असो नाहीतर दाराची चौकट, पण पैसे ठरवून करा. नातेवाइकांना फुकट करून दिलेलं यात धरायचं नाही. कानडी येत नसेल तर शिका, निम्मं गिऱ्हाईक तिकडचं आहे.

हिशेब सोडून येऊ नका. पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारी रक्कम, मागा: शेवटचा मूळ पगार आणि डीए (महागाई भत्ता) मिळून जी रक्कम होते तिला १५ नं गुणायचं, २६ नं भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. ऑफिसात मागताना लाजायचं काही कारण नाही.

आणि हेही सांगायला हवं की माझं घर वडिलोपार्जित आहे, डोक्यावर कर्ज नव्हतं, बायकोचं शिवणकाम चालू होतं. तुमचा घराचा हप्ता असेल तर एकदम सगळं सोडू नका. उद्यमबागेतल्या छोट्या वर्कशॉपना अडीनडीला रोजावर ऑपरेटर लागतात, तिथं अर्धा आठवडा काढा आणि उरलेले दिवस कोरीवकामाला द्या. पहिला पावसाळा संपेपर्यंत मीही तेच केलं होतं.