वाचकांचे प्रश्न : आयर्विनचं पाणी आणि कॅल्क्युलसमधला तो अर्धा

प्रश्न : सर नमस्कार, मी तासगावचा, सांगलीत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मॅथ्समध्ये केटी लागली (विषय राहिला) म्हणून रूममेटच्या सांगण्यावरून अमेरिकेतल्या एमआयटीच्या ओपनकोर्सवेअर या वेबसाइटवरचे सिंगल व्हेरिएबल कॅल्क्युलसचे फुकटातले लेक्चर बघतोय, प्रोफेसर डेव्हिड जेरिसन यांचे. आधीचे लेक्चर नीट गेले, नवव्यात अडकलो, लिनियर आणि क्वाड्रॅटिक ॲप्रॉक्सिमेशन, म्हणजे फंक्शनची जवळपासची अंदाजी किंमत काढणं. तीनदा बघून झालं. क्वाड्रॅटिकमध्ये दुसऱ्या डेरिव्हेटिव्हच्या मागं १/२ कुठून येतो? आणि सर गुणाकार करतात आणि एक्सचा वर्ग असलेली टर्म सरळ टाकून देतात, ते कसं काय चालतं? आमचे तर मार्क गेले असते. — एक विद्यार्थी, तासगाव

उत्तर : मित्रा, पहिलं म्हणजे तीनदा बघितलंस आणि तरी नेमकं कुठं अडलं ते दोन वाक्यात लिहू शकलास, म्हणजे तुला बरंच कळलंय. केटी बिटी निघंल, त्याचं टेन्शन घेऊ नको.

आता तू सांगलीत राहतोस तर पावसाळ्यात हे ऐकलंच असशील, आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला, पाणी किती? ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला ते ५७ च्या पुढं गेलं होतं तेव्हा आम्ही सगळे रात्रभर हेच गणित करत बसलेलो. आता ३८ फूट, तासाला सहा इंच चढतंय, म्हणजे चार तासांनी ४० होणार, सामान माळ्यावर टाका. हेच लिनियर ॲप्रॉक्सिमेशन, दुसरं काही नाही. आत्ताची किंमत, अधिक आत्ताचा वेग गुणिले किती वेळ. बारावीच्या पुस्तकात जे असतं ते हेच.

पण समज कोयनेचा विसर्ग कमी केलाय आणि चढण्याचा वेगच दर तासाला एक इंचानं उतरतोय. आत्ता तासाला सहा इंच, तासाभरानं पाच, मग चार, मग तीन, चार तासांनी दोन. तर चार तासांत पाणी किती चढलं? सहाच्या हिशोबानं २४ इंच, पण तेवढं काही चढलं नाही. शेवटी वेग दोनवर आलाय म्हणून दोनच्या हिशोबानं ८ इंच धरलं तर तेही चूक, कारण सुरुवातीला तर ते सहानं चढत होतं. वेग सहावरून दोनवर सारखा उतरत आला, म्हणजे सरासरी चार, चार तासांचे १६ इंच. आता तुझ्या क्वाड्रॅटिकच्या फॉर्म्युल्यात, म्हणजे वेग गुणिले वेळ, अधिक १/२ गुणिले दुसरं डेरिव्हेटिव्ह (वेग स्वतः किती बदलतोय ते, इथं उणे १) गुणिले वेळेचा वर्ग, यात घालून बघ, २४ वजा १/२ गुणिले १ गुणिले चारचा वर्ग, म्हणजे २४ वजा ८, सोळाच आले ना. तो १/२ म्हणजे ही सरासरी. वेगातली घट पहिल्या मिनिटापासून पूर्ण लागू नसते, हळूहळू लागू होत जाते, म्हणून निम्मीच धरायची. अकरावीला फिजिक्समध्ये १/२ जी टी स्क्वेअर पाठ केलंस त्यातला अर्धा पण हाच. वहीवर पटवायचं असेल तर सी गुणिले एक्सचा वर्ग याचं दोनदा डेरिव्हेटिव्ह घे, २सी येतं, आणि ते फंक्शनच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हला जुळायला पाहिजे, मग सी म्हणजे त्याच्या निम्मा. पण मला विचारशील तर आधी नदी आणि मग वही.

दुसरा प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे आणि इथं हुशार पोरं पण चुकतात. त्या लेक्चरमध्ये एक उदाहरण आहे, ई चा उणे ३एक्स घात, भागिले वर्गमूळात १ + एक्स, आणि शून्याजवळ त्याचं लिनियर ॲप्रॉक्सिमेशन काढायचंय. पहिल्याचं होतं १ − ३एक्स, दुसऱ्याचं, म्हणजे १ भागिले त्या वर्गमूळाचं, १ − एक्स/२. गुणाकार केला की १ − (७/२)एक्स + (३/२)एक्सचा वर्ग. आता तुझ्या मनात येतं की ही शेवटची टर्म ठेवली तर उत्तर जास्त बरोबर येईल, कष्टानं मिळालेली टर्म टाकायची कशाला. पण थांब. ई च्या फंक्शनमध्ये एक्सच्या वर्गाची एक टर्म होती, (९/२)एक्सचा वर्ग, ती तू आधीच सोडलीस. वर्गमूळवाल्यात पण एक होती, ३/८ ची, ती पण सोडलीस. तिन्ही धरल्या तर ९/२ + ३/२ + ३/८ म्हणजे ५१/८ होतात, सहाच्या वर. आणि तू त्यातला दीडच हातात धरून बसणार. हळदीच्या पेढीवर दोन पट्ट्यांमधले (हिशोबाच्या चिठ्ठ्यांमधले) पैसे सोडून फक्त रुपये धरले आणि तिसऱ्या पट्टीतले पैसे तेवढे जपून मांडले, तर एकूण बेरीज काही खरी होत नाही, उगीच वाटतं की पैशापर्यंत हिशोब केलाय. म्हणून नियम असा की कुठवर धरायचं ते आधी ठरवायचं आणि सगळीकडं तेवढंच धरायचं. लिनियर तर लिनियर, एक्सचा वर्ग दिसला की सोडा. क्वाड्रॅटिक तर तिन्ही गोळा करा आणि घन सोडा. एक्स ०.०१ घेऊन करून बघ, खरं उत्तर ०.९६५६३, लिनियर ०.९६५, अर्धवट टर्म ठेवली तर ०.९६५१५, आणि ५१/८ धरलं तर ०.९६५६४.

आणि हे सगळं फक्त जवळच्या जवळ चालतं हे विसरू नको. ४.१ चं वर्गमूळ ४ वरून काढलं तर लिनियरनं २.०२५ येतं, क्वाड्रॅटिकनं २.०२४८४४, खरं २.०२४८४६. पण त्याच ४ वरून ९ चं काढायला गेलास तर ३ च्या जागी ३.२५. नदीचं पण तेच आहे, दोन-चार तासांचं सांगता येतं, उद्या संध्याकाळचं त्यावर सांगू नये, वर विसर्ग वाढवला की सगळा हिशोब बदलला.

त्याच लेक्चरमध्ये उपग्रहाच्या घड्याळाचं उदाहरण आहे (वेगामुळं ते जमिनीवरच्या घड्याळापेक्षा किंचित वेगळं चालतं) ते सोडू नको. उपग्रहाचा वेग सेकंदाला ४ किलोमीटरच्या आसपास, प्रकाशाच्या वेगाशी भागून वर्ग केला की ०.०००००००००१८ च्या आसपास येतं, ते १ मधून वजा करायला साधा आठ आकडी कॅल्क्युलेटर घेतला तर तो सरळ १ दाखवतो आणि फरकच गायब. ॲप्रॉक्सिमेशननं मात्र सरळ कळतं की फरक त्याच्या निम्मा आहे. अंदाजी उत्तर म्हणजे कच्चं उत्तर हे डोक्यातून काढ.

प्रश्न : बारावीला आहे. शून्याजवळ साइन एक्स म्हणजे एक्सच असं व्हिडिओत सांगितलं, मी कॅल्क्युलेटरवर साइन ५ केलं तर ०.०८७२ आलं, ५ नाही. — कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : कारण तो ५ डिग्री आहे आणि नियम रेडियनचा आहे. बोर्डाच्या गणितात १ डिग्री = ०.०१७५ असं दिलेलं असतं ते याचसाठी. ५ डिग्री म्हणजे ०.०८७३ रेडियन, आता बघ किती जवळ आलं. इतकं जवळ येतं कारण शून्याला साइनचं दुसरं डेरिव्हेटिव्ह शून्य आहे, म्हणजे क्वाड्रॅटिक टर्मच नाही, पुढची टर्म डायरेक्ट एक्सचा घन भागिले ६, ती वजा केलीस की चौथ्या दशांशातला फरक पण जातो. साइनची ही अशी पुढं जाणारी मालिका केरळात संगमग्रामच्या माधवांच्या परंपरेत इंग्रज गणिती टेलरच्या १७१५ च्या पुस्तकाच्या आधी काही शतकं माहीत होती, हे वर्गात सांग सगळ्यांना.

प्रश्न : सर, मी साताऱ्यात हायस्कूलला गणित शिकवते, कॅल्क्युलस सुटून वीस वर्षं झाली. हे लेक्चर मला झेपतील का, इंग्रजी फास्ट असतं, आणि सर्टिफिकेट मिळतं का? वर्गात याचा काही उपयोग? — एक शिक्षिका

उत्तर : ताई, झेपतील. सबटायटल लावा, स्पीड ०.७५ करा, आणि लेक्चरच्या नोट्स पीडीएफमध्ये मिळतात त्या आधी डाउनलोड करून डोळ्याखालून घाला, मग बोलणं कानाला पटकन लागतं. सगळ्यात मोठी गोष्ट सांगतो, सरांनी फळ्यावर गणित मांडलं की व्हिडिओ थांबवायचा आणि आधी आपण करायचं, चुकलं तरी चालेल. पन्नास मिनिटाच्या लेक्चरला दोन-अडीच तास लागतात असं केलं की, पण एका बघण्यात होतं. नुसतं बघत राहिलं तर सगळं कळल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी कोरी वही. त्याच कोर्सची १८.०१ एससी म्हणून एक आवृत्ती आहे, तिच्यात छोटे छोटे गणितं सोडवून दाखवणारे व्हिडिओ आहेत, तुम्हाला ते जास्त सोयीचे जातील.

सर्टिफिकेट ओपनकोर्सवेअर देत नाही. ते पाहिजे असेल तर आपल्या आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीचं एनपीटेल (ऑनलाइन कोर्स) बघा, शिकणं फुकट आहे, सर्टिफिकेटच्या परीक्षेला तेवढी फी असते.

आणि वर्गाचं म्हणाल तर कॅल्क्युलसचं नाव पण न घेता उद्याच करता येईल. पोरांना ५० चं वर्गमूळ विचारा. ७ चा वर्ग ४९, म्हणजे उत्तर ७ आणि वर थोडंसं, त्या थोड्याला एच म्हणा. ७ + एच चा वर्ग म्हणजे ४९ + १४एच + एचचा वर्ग, हे तर त्यांना येतंच. एच छोटा म्हणून त्याचा वर्ग अजूनच छोटा, तो सोडला की १४एच = १, म्हणजे एच १/१४, उत्तर ७.०७१४. कॅल्क्युलेटरवर ७.०७११ येतं. मग कुणीतरी विचारतंच की मॅडम, सोडलेल्याचं काय झालं, तेव्हा १/१४ चा वर्ग करायला लावा, ०.००५ च्या आसपास येतो, त्याला १४ नं भागलं की साधारण ०.०००३६, आणि आपली चूक जवळजवळ तेवढीच निघते. हे स्वतःच्या हातानं काढल्यावर पोरांचे चेहरे बघा, आणि त्यांनी अजून काय काय विचारलं ते मला नक्की लिहून पाठवा, पुढच्या अंकात घेऊ.