खाच शिल्लक आहे, पण रबर गेलंय

प्रश्न : काका, पुण्याहून फोर्डची जुनी मस्टँग जीटी घेतली, २०१७ सालची. कोरड्यात काही तक्रार नाही. परवा भुरभुर पावसात यवतेश्वर घाट चढताना वळणातून बाहेर पडता पडता जरा पाय दिला, तर गाडीचं मागचं अंग सरळ रस्त्याबाहेर निघालं. टायरवाला म्हणतो, खाच भरपूर आहे, पुढचे दोन नवे टाका, स्टिअरिंगला पकड येईल. टाकू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नका टाकू. टायरवाल्याने खाच पाहिली, तारीख पाहिली नाही. टायरवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, तीच बनवल्याची तारीख. २३१७ असेल तर २०१७ चा तेविसावा आठवडा. बाहेरून दिसले नाहीत तर गाडीखाली वाका, बऱ्याचदा ते आतल्या बाजूला असतात. अशा गाड्या रविवारी निघतात आणि बाकी आठवडा कव्हरखाली. टायर झिजत नाही, नुसता म्हातारा होतो. नख रोवून पाहा. ताज्या रबरावर वळ उमटतो, तुमच्यावर बहुतेक नखच वाकेल.

खाच टायरखालचं पाणी बाहेर काढते. पण घाटात तिशीच्या वेगाला टायर पाण्यावर उचलला जात नाही, तिथे सगळं काम रबराचं. त्यात कासकडची लाल माती, गाड्यांचं सांडलेलं ऑइल आणि वर भुरभुर, म्हणजे रस्त्यावर लेपच. मुसळधार पाऊस तो धुऊन तरी नेतो.

आता ‘पुढचे दोन’. पुढे पकड वाढवून मागे जुनेच ठेवलेत तर नाक झटकन वळेल आणि मागची चाकं, ज्यांच्यावर इंजिनाचा सगळा जोर, ती आणखी लवकर सुटतील. पुढचे टायर २५५ मिलिमीटर रुंद, मागचे २७५, त्यामुळे अदलाबदलीचाही मार्ग नाही. चारही बदला. खिसा अडवत असेल तर आधी मागचे.

कोणते? मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४ एसच्या जातीचे, ओल्यात पकड देणारी सिलिका मिसळलेले. ट्रॅकवरचे अर्धगुळगुळीत टायर इंस्टाग्रामवर शोभतात, आपल्या श्रावणात नाही. बाजूवर ट्रॅक्शन एए अशी पकडीची श्रेणी लिहिलेली असते, तिच्यावर भाळू नका. ती परीक्षा ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावण्याची आहे, वळणाची नाही. आणि अजून रुंद टायर तर अजिबात नको.

खाचेचं काम हायवेवर. खंबाटकी उतरून मोकळा रस्ता दिसला की पाय जड होतो आणि नेमकं तिथेच पाणी साचलेलं असतं. नासाने १९६३ साली विमानाच्या टायरांवरून काढलेलं गणित आहे : ३२ पौंड हवेला टायर साधारण ९४ च्या वेगाला पाण्यावर तरंगू लागतो, २४ पौंडांना ८२ लाच. रुंद टायर, उथळ खाच, मग त्याच्याही आधी. म्हणून पावसाळ्यात हवा कमी ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कायद्याने खाच १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. या गाडीला मी ३ वरच टायर उतरवीन.

तोवर गाडीतला स्नो/वेट मोड वापरा, वळणात गिअर एक वरचा ठेवा. मागचं अंग निसटलं तर दचकून पाय एकदम काढू नका, वजन पुढे जाऊन ते आणखी हलकं होतं. नवे टायर बसले की पहिले दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने चालवा, साच्यातून येताना त्यांच्यावर तुळतुळीत थर असतो. आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या.