बर्फातली साडेतीन महिन्यांची नोकरी घ्यावी काय?

प्रश्न : मी २३ वर्षांचा असून दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. अमरावतीला हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेतली आहे. घरी पाच एकर कोरडवाहू शेती असून तीत कापूस व तूर असते. गुलमर्गच्या एका हॉटेलने डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत स्वयंपाकघरात मदतनिसाचे काम देऊ केले आहे. राहणे-जेवण त्यांच्याकडेच आहे. स्कीइंगही शिकावे असे मनात आहे. आईला थंडीची धास्ती वाटते आणि बाबा म्हणतात की ऐन वेचणीत घरचा माणूस जाणार. मी जावे काय?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : बर्फ पडला नाही तर तुमचा पगार चालू राहील काय, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही, आणि माझ्या मते निर्णय त्यावरच ठरावा. आपली कपाशी जशी पावसावर, तसा गुलमर्गचा हिवाळी व्यवसाय बर्फावर अवलंबून असतो. जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात तेथील उतार कोरडे राहिले होते, आणि २०२५ मध्ये तेथे फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. अशा वर्षी खोल्यांची आरक्षणे रद्द होतात आणि हंगामी माणसाला सर्वांत आधी घरी पाठवले जाते. मी तरुणपणी उत्तराखंडातील औली या स्कीइंगच्या ठिकाणी एक हंगाम काढला, तेव्हा सारे तोंडीच ठरले होते. बर्फ उशिरा आला आणि माझा तीन आठवड्यांचा पगार बुडाला. म्हणून नेमणूकपत्र, मासिक पगार, कामाची मुदत, साप्ताहिक सुटी आणि परतीचे भाडे हे सर्व कागदावर घेतल्याशिवाय तिकीट काढू नका.

लाभ खरे आहेत. राहण्या-जेवणाचा खर्च नसल्याने पगार जवळजवळ पूर्ण शिल्लक राहतो. नाताळ ते नववर्ष या काळात भरलेल्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात जो वेग आणि जी शिस्त अंगी येते, ती पदविकेच्या वर्गात येत नाही. गुलमर्गवरच्या अफरवाट पर्वताच्या उतारांसाठी परदेशी पाहुणे येतात, त्यांच्याशी बोलून इंग्रजीची भीड मोडते. माझ्या दृष्टीने पगारापेक्षा ही कमाई मोठी आहे, कारण अनुभवपत्र पुढे नागपूर-पुण्यातही उपयोगी पडते.

स्कीइंगविषयी मात्र अपेक्षा माफक ठेवा. उतार दिवसाउजेडीच खुले असतात आणि स्वयंपाकघरातील माणसाला दुपारी मिळालेले दोन-तीन तास झोपेतच जातात. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे आणि तेथे टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम चालतात. पण लहानपणापासून बर्फावर वाढलेल्या स्थानिक तरुणांच्या बरोबरीने प्रशिक्षक होणे एका हंगामाचे काम नाही.

आईची काळजी रास्त आहे, आणि तिच्यासाठी मी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे आणि गोंडोलाचा (तारेवरच्या पाळण्यांचा) दुसरा टप्पा ४००० मीटरच्या जवळ पोहोचतो, म्हणजे गावातच हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे पाव हिश्शाने कमी असतो. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार अनेक घरांत आहे. एसएस रुग्णाने, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही हा दोष आलेल्याने, अशा उंचीवर कामाला जाऊ नये. आणि एएस वाहक, म्हणजे एकाकडूनच दोष आलेला, एरवी ठणठणीत असला तरी विरळ हवेत श्रम केल्यास त्याच्या प्लीहेचा (पोटातील पांथरीचा) रक्तपुरवठा क्वचित अडू शकतो, म्हणून त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. तुमची तपासणी झाली नसेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. थंडीला गरम कपड्यांचा उपाय आहे, परंतु बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा बुखारी (खोली तापवणारी काश्मिरी भट्टी) पेटवून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइडमुळे झोपेतच जीव जाऊ शकतो. या वायूला वास नसतो. कामगारांच्या खोलीत धूर बाहेर नेणारी नळी आणि हवा येण्यासाठी फट आहे काय, हे पहिल्याच दिवशी पाहा. ताज्या बर्फावरून अतिनील किरणांचा मोठा भाग परत फिरतो, तेव्हा उन्हात काळा चष्मा हवाच.

बाबांचे म्हणणे हिशेबाने सोडवता येईल. तुमच्या जागी वेचणीला माणूस लावला तर किलोमागे मजुरी द्यावी लागेल, आणि जानेवारीत तुरीच्या कापणीचीही. ती रक्कम व प्रवासखर्च हंगामाच्या पगारातून वजा करून उरेल तो आकडा बाबांपुढे ठेवा. एप्रिलमध्ये परतलात तर खरिपाची मशागत तुमच्याच हातून होईल, ही बाजूही त्यांना सांगा.

कागद मिळाला आणि तपासणी निर्दोष आली, तर जरूर जा. कागद देण्यास हॉटेल टाळाटाळ करीत असेल, तर यंदा चिखलदऱ्याच्या एखाद्या हॉटेलात काम पाहा आणि पुढील हिवाळ्यासाठी दुसरीकडे अर्ज करा. जाण्याचे ठरले तर मोबाइल पोस्टपेड करून घ्या, कारण बाहेरचे प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, आणि पोहोचल्याच्या रात्री आई फोनची वाट पाहत असेल.