अ‍ॅम्प बदलण्याआधी एक पेन्सिल सेल आणा

"एक स्पीकर दुरुस्त करून आणला. आवाज मोठा आहे, चरचरीत आहे, पण बेस गेला कुठे? गाणारा मधोमध उभा राहत नाही, खोलीभर सांडल्यासारखा वाटतो. माझा सोफा पाच मीटर लांब खोलीच्या बरोबर मध्यावर आहे. अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) बदलू का?" तुमची पोस्ट वाचली आणि वाटलं, हे मीच कधीतरी लिहिलंय. म्हणून जरा लांबण लावतो.

लाल वायर लाल टर्मिनलला, काळी काळीला, हे तुम्ही पाहिलंच असेल. मीही पाहिलं होतं. दहा वेळा. तिथेच फसलो.

माझ्या डाव्या स्पीकरचा ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भोंगा) उडाला होता. सर्व्हिस सेंटरला फोन केला (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही), तर म्हणाले, बिघडलेला तेवढाच आणा, दुसऱ्याचं काय काम? ट्वीटर बदलून मिळाला. घरी जोडला तर डग्ग्याची घुमक गायब. पुन्हा तो अवजड खोका उचलून नेला. त्यांनी टेबलावर एकटाच वाजवून दाखवला, "ओके आहे साहेब", आणि पावतीवर शिक्का मारला. गंमत म्हणजे तो खरंच ओके होता. एकटा.

झालं होतं असं, की परत जोडताना आत वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भोंग्याच्या) दोन वायरी उलट्या सोल्डर झाल्या होत्या. बाहेरून सगळं बरोबर, आत उलटं. म्हणजे उजवा वूफर हवा पुढे ढकलायचा त्याच क्षणी डावा ती मागे ओढायचा. ५० हर्ट्झच्या स्वराची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. दोन मीटरवर ठेवलेले स्पीकर तिच्या दृष्टीने शेजारी शेजारीच. एकाने दिलेलं दुसरा खातो. वरच्या स्वरांच्या लाटा काही सेंटीमीटरच्या, त्या अशा नीट खोडल्या जात नाहीत. म्हणून झांजा लख्ख आणि खालचं सगळं पोकळ.

आता माझी घोडचूक. मी डावा स्पीकर उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून पाहिला. काही फरक नाही. त्यावरून ठरवून टाकलं की स्पीकर निर्दोष, दोष अ‍ॅम्पचा. अहो, फरक पडणारच कसा? भांडण दोघांतलं होतं, जागा बदलून ते मिटत नाही. मग दुप्पट वॅटचा अ‍ॅम्प घेतला. दुप्पट वॅट म्हणजे जेमतेम ३ डेसिबल, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. त्यानंतर जाडजूड वायरी. पावणेदोन वर्षं गेली यात, आणि पैशांचं तर विचारूच नका.

शेवटी धूळ पुसायला स्पीकरच्या जाळ्या काढल्या होत्या, तेव्हा सेलची युक्ती आठवली. उजव्या स्पीकरला सेल टेकवला, 'ढप्' करून वूफरचा कोन (पुढेमागे हलणारा पडदा) बाहेर आला. डाव्याला टेकवला, तो आत गेला. सेल उलटा धरला असेल म्हणून नीट बघून पुन्हा टेकवला. पुन्हा आत. तसाच जमिनीवर बसून राहिलो थोडा वेळ.

तुम्हीही हेच करा. आधी अ‍ॅम्पकडून येणाऱ्या वायरी स्पीकरपासून सोडवा. साधा दीड व्होल्टचा सेल, त्याची अधिक बाजू लाल टर्मिनलला, उणे काळ्याला, नुसता क्षणभर स्पर्श. धरून ठेवू नका. काही जुन्या स्पीकरांत कोन मुळातच आत जातो, त्यामुळे आत की बाहेर याला महत्त्व नाही. दोघे एकाच दिशेला गेले पाहिजेत. ट्वीटर हलणार नाही, त्याची काळजी नको. ज्या स्पीकरच्या आतच अ‍ॅम्प असतो त्यांच्यावर हा प्रयोग चुकूनही करू नका. मी इंजिनिअर नाही, हात पोळलेला माणूस आहे, तेव्हा जबाबदारी तुमची.

कोन उलटे निघाले तर अ‍ॅम्प बंद करून एका स्पीकरच्या वायरी बाहेरूनच अदलाबदल करा, बेस लगेच परत येईल. पण तेवढ्यावर समाधान मानू नका. चूक फक्त वूफरची असेल तर आता त्या खोक्यातला ट्वीटर दुसऱ्या खोक्यातल्याच्या उलट चालणार, आणि वूफर संपून ट्वीटर सुरू होतो त्या सांध्यावरचा आवाज चिरलेला राहणार. आतलं सोल्डरच नीट करून घ्या. आणि नेताना दोन्ही स्पीकर न्या, कितीही नको म्हणाले तरी.

सेलच्या परीक्षेत पास झालात, तर मग मला तुमच्या सोफ्याचा संशय आहे. तो पाच मीटर लांब खोलीच्या बरोबर मध्यावर आहे म्हणता. अशा खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपासचा स्वर दोन्ही टोकांच्या भिंतींशी घुमतो आणि मध्यावर जवळजवळ मरतो. ती खाच इक्वलायझरने (एकेक स्वरपट्टी कमीजास्त करायच्या सोयीने) भरत नाही, वूफर नुसता धापा टाकतो. सोफा दोन फूट मागे सरकवा, पण भिंतीला चिकटवू नका, तिथे उलट बेस फुगतो. स्पीकरही थोडे पुढेमागे करून बघा. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा, आणि स्पीकरसमोरची फरशी उघडी असेल तर जाड सतरंजी टाका.

वायरींबद्दल माझं मत इथल्या काहींना झोंबेल, पण चार-पाच मीटरसाठी अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरे. माझ्या त्या महागड्या वायरी कपाटात पडून आहेत. आणि तुलना करताना आवाज सारखा ठेवा. किंचित मोठा वाजणारा नेहमी चांगलाच वाटतो, विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

सेल लावल्यावर काय झालं ते लिहा. कोन एकाच दिशेला गेले, तर खोलीची रुंदी आणि स्पीकर मागच्या भिंतीपासून किती लांब आहेत तेही टाका.