वॉरगेमिंगसाठी, म्हणजे टेबलावर छोट्या सैनिकांनी खेळायच्या लढाईच्या खेळासाठी, साधारण २८ मिमी उंचीच्या सोल्जर्सना घरं घरीच बनवायचीत, ठाण्यात सामान काय घेऊ?

थर्माकोल नको, एवढं आधी ऐका. मी पहिलं घर टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचं केलं आणि थेट स्प्रे पेंट मारला, तर भिंत डोळ्यासमोर विरघळली, कारण स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं. वापरायचाच असेल तर आधी फेविकॉल आणि काळा अ‍ॅक्रेलिक रंग मिसळून दोन हात द्या, कोपरे पण सोडू नका, मग ब्रशनेच रंगवा.

त्यापेक्षा ५ मिमी फोमबोर्ड घ्या, म्हणजे दोन कागदांच्या मध्ये फोम असलेला बोर्ड, स्टेशनजवळच्या मोठ्या स्टेशनरीवाल्याकडे मिळतो, आर्किटेक्चरची पोरं तोच नेतात. कटरचं पातं नवीन हवं, बोथट असलं की आतला फोम फाटतो.

मापाचं म्हणाल तर स्केलच्या हिशोबात डोकं घालू नका, सोल्जर बेससकट (पायाखालच्या चकतीसकट) भिंतीला उभा करा, दरवाजा त्याच्यापेक्षा थोडा उंच म्हणजे साधारण ४० मिमी, बस्स. दारं आइस्क्रीमच्या काड्यांची. कौलं मात्र मस्त होतात, खोक्याचा पुठ्ठा ओला करून वरचा कागद सोलला की आतल्या नळ्या दिसतात, त्याच्या पट्ट्या खालून वर एकावर एक चढवत न्यायच्या. छप्पर चिकटवू नका हां, उचलता आलं पाहिजे, नाहीतर आत सोल्जर ठेवणार कसे?

आणि पावसाळ्यात करत असाल तर बोर्ड दोन्ही बाजूंनी रंगवा, एकाच बाजूने रंगवला की पापडासारखा वाकतो. दिवाळीत किल्ला केलाय ना कधी? मग जमेल.