४० हजार मिळवण्यासाठी १ लाख भरू नका

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय २९, हातात येणारा पगार ५८ हजार. घरभाडं, घरखर्च आणि आईला पाठवायचे पैसे धरून महिन्याला ४२ हजार जातात. त्या धरून कॉलेजच्या पाच मैत्रिणी ऑगस्टमध्ये चार रात्रींसाठी प्रागला जायचं ठरवत आहेत. माणशी खर्च १ लाख ४० हजार. त्यांचा प्रश्न एका ओळीचा आहे: "तिथे फॉरेक्स कार्ड वापरावं की क्रेडिट कार्ड? कशात कमी पैसे कापले जातात?"

पैशांची सोय झाली आहे असं सांगून ती सोयही त्यांनी लिहिली आहे. बँकेतून घेतलेल्या विमा पॉलिसीचे दरवर्षीचे ४० हजार पुढच्या महिन्यात येतील. उरलेला १ लाख क्रेडिट कार्डाच्या बारा हप्त्यांत फेडणार. त्याच पॉलिसीचा १ लाखाचा तिसरा हप्ताही पुढच्याच महिन्यात आहे आणि या वर्षी बोनस मिळालेला नाही. म्हणून तो भरायला १ लाख ३० हजारांची एफडी मोडायची.

ताई, आधी विचारलेल्याचं उत्तर देतो, कारण ते लहान आहे. प्राग ज्या देशात आहे तो झेक प्रजासत्ताक युरोपीय संघात आणि शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) असला तरी तिथे युरो चालत नाही, कोरुना चालतो. तुम्ही फॉरेक्स कार्डावर युरो भरून नेले आणि प्रागच्या दुकानात कार्ड दाखवलं, तर युरोचे कोरुना करताना कार्ड कंपनी पुन्हा शुल्क कापते. कोरुना भरून मिळणारं कार्ड नसेल तर फॉरेक्स कार्डाचा फायदा तिथेच संपतो. क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचं शुल्क साधारण २ ते ३.५ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. तिथे तुम्ही ४५ हजार खर्च करणार आहात, म्हणजे स्वस्त कार्डावर हजार-अकराशे आणि महाग कार्डावर साडेअठराशे रुपये कापले जातील. फरक सात-आठशे रुपयांचा. मशीनवर "रुपयांत बिल हवं का?" असं आलं तर नाही म्हणा, कोरुनाच निवडा, कारण रुपयांत वळवण्याचा दर नेहमी तुमच्या तोट्याचा असतो. क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोकड काढू नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. रस्त्यावरच्या चलन-बदलीच्या दुकानात फसवा दर मिळाला, तर १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून घेण्याचा हक्क झेक कायद्याने २०१९ पासून दिला आहे. त्यासाठी पावती जपून ठेवा.

या सातशे रुपयांसाठी तुम्ही पत्र लिहिलंत, आणि त्याच पत्रात लाखांचं नुकसान होतंय ते तुमच्या लक्षात आलेलं नाही. मला काळजी त्याची वाटते.

४० हजार "येणार" असं तुम्ही म्हणता. ते यावेत म्हणून तुम्ही १ लाख भरणार आहात, आणि तो १ लाख तुमच्या एकमेव एफडीतून काढणार आहात. म्हणजे सहलीसाठी पॉलिसी पैसे देत नाही, तुमची एफडी देते आहे. मध्ये पॉलिसी उभी राहून ६० हजार स्वतःकडे ठेवून घेते.

तुम्ही जोडलेल्या माहितीपत्रकाच्या फोटोत निळ्या पेनाने "४०%" लिहून त्याला गोल केलेला आहे, बाजूला "दरवर्षी, आयुष्यभर फिरा" असं त्याच अक्षरात लिहिलंय. एफडी करायला बँकेत गेला होतात, तिथे हे हातात पडलं. तो ४० टक्के परतावा मुळीच नाही. तुम्ही पहिल्या वर्षी १ लाख दिलात. वर्ष संपल्यावर त्यातलेच ४० हजार तुमच्या हातात ठेवले आणि लगेच पुढचा १ लाख मागितला. तुमचेच पैसे तुम्हाला परत मिळाले, त्याला परतावा म्हणत नाहीत.

पूर्ण हिशेब मांडतो. बारा वर्षं १ लाख, भरणा १२ लाख. पंचवीस वर्षं ४० हजार, ते झाले १० लाख. पंचवीस वर्षांच्या शेवटी भरलेले १२ लाख परत. एकूण २२ लाख. "१२ चे २२" ऐकायला बरं वाटतं, पण पंचवीस वर्षांत. वर्षाला पडतात ५ टक्क्यांहून किंचित कमी. पीपीएफचा दर गेली काही वर्षं ७.१ टक्के आहे. हेच पैसे याच तारखांना पीपीएफमध्ये घातले असतेत, म्हणजे पहिल्या वर्षी १ लाख, पुढची अकरा वर्षं ६० हजार, आणि त्यानंतर दरवर्षी ४० हजार काढून घेतले असतेत, तर दर हाच राहिला असं धरून शेवटी १२ नाही, साधारण २१ लाख हातात असते. ९ लाखांचा फरक, तोही शेअर बाजाराच्या वाटेला न जाता.

"पण विमाही आहे ना?" असं तुम्ही म्हणाल. आहे, १० लाखांचा. तुमच्या आईचं तुमच्यावर अवलंबून असणं १० लाखांत भागत नाही. तुमच्या वयाला, तंबाखूचं व्यसन नसेल तर, १ कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा) वर्षाला १०-१२ हजारांच्या आसपास मिळतो. १ लाख भरून १० लाखांचं संरक्षण घेणं हा विमा म्हणूनही वाईट सौदा आहे. बँकेत एफडी करायला आलेल्या माणसाला पंचवीस वर्षांची पॉलिसी देऊन घरी पाठवतात, याचा मला अजूनही संताप येतो. तुमच्यासारखी पत्रं कमी होत नाहीत.

आता खरा अवघड भाग. झालं ते झालं, पुढे काय? दोन हप्ते गेले, ४० हजार एकदा मिळाले, म्हणजे तुमचे १ लाख ६० हजार अडकलेत. अशा वेळी सगळे म्हणतात, "एवढे भरलेत तर आता पूर्ण करा." म्हणून मी हिशेब आजपासून पुढचा केला, जुने पैसे बाजूला ठेवून. उरलेली दहा वर्षं खिशातून निव्वळ ६० हजार जाणार. ते पॉलिसीऐवजी पीपीएफमध्ये गेले आणि नंतर तसेच ४० हजार काढत राहिलात, तर पंचविसाव्या वर्षी साडेबारा लाखांच्या वर उरतात. पॉलिसी देणार १२ लाख. म्हणजे कंपनीने आज तुम्हाला एक रुपयासुद्धा परत दिला नाही, तरी बाहेर पडण्यात तोटा नाही. आणि काही ना काही परत मिळेलच.

पण पॉलिसी सरेंडर करण्याआधी, म्हणजे मुदतीआधी बंद करून पैसे परत घेण्याआधी, तक्रार करा. हा क्रम उलटा करू नका. एकदा पॉलिसी सरेंडर झाली की करार संपतो आणि चुकीच्या विक्रीची तक्रार कमजोर होते. तुमच्याकडे हस्ताक्षरातला "४०%" आहे, तो सगळ्यात मोठा पुरावा आहे. त्या फोटोची प्रत, पॉलिसीची प्रत आणि "मला ४० टक्के वार्षिक परतावा सांगून ही पॉलिसी विकली" असं साधं पत्र विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा, बँकेला प्रत द्या. एक गोष्ट स्पष्ट सांगतो: पॉलिसीच्या कागदांत "बेनिफिट इलस्ट्रेशन" नावाचा, किती भरायचं आणि किती मिळेल ते दाखवणारा तक्ता असतो, त्यावर तुमची सही असणार, आणि कंपनी तोच पुढे करेल. म्हणून निकाल तुमच्या बाजूने लागेलच असं धरू नका. तरीही तक्रार करा. कंपनीने फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही नोंद करा. पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्याची मुदत तुमच्या बाबतीत केव्हाच संपली आहे, म्हणून हाच रस्ता उरतो.

वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर साधारण ३० दिवसांची सवलत असते. एफडीला हात लावायचा नाही, हप्ता भरायचा नाही. याच दिवसांत कंपनीकडून लेखी दोन आकडे मागवा: आज सरेंडर केली तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवली, तर पुढे काय काय मिळेल. १ ऑक्टोबर २०२४ पासून विकलेल्या पॉलिसींसाठी सरेंडर मूल्याचे नियम ग्राहकाच्या बाजूने सुधारले आहेत. तुमची पॉलिसी त्याआधीची असली तरी शाखेतल्या कोणी तोंडी "काही मिळत नाही" म्हटलं तर ऐकून घेऊ नका, कागद मागा. मिळालेल्या रकमेतून आधी आईचा आरोग्य विमा घ्या. गेल्या वर्षीची सगळी शिल्लक आईच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये गेली, असं तुम्ही लिहिलंय. एफडी कशासाठी असते ते तुम्ही स्वतः अनुभवलंत. १ लाख ३० हजार म्हणजे तुमचा तीन महिन्यांचा खर्च, तेवढाच तुमचा आधार आहे.

एफडी न मोडण्याला आणखी एक कारण आहे आणि ते थेट सहलीशी जोडलेलं आहे. शेंगेन व्हिसासाठी बँक खात्याचे गेल्या काही महिन्यांचे उतारे द्यावे लागतात. खर्च झेपण्याइतके पैसे आहेत का, हे त्यातून पाहतात. हप्ता भरून रिकामं झालेलं खातं आणि त्यावर चालू असलेलं कार्डाचं कर्ज घेऊन तुम्ही अर्ज करणार होतात. व्हिसा शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. मैत्रिणीकडून चार दिवसांसाठी पैसे घेऊन शिल्लक फुगवून दाखवू नका, अचानक आलेली रक्कम उताऱ्यात उठून दिसते. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय प्रवास विमा सक्तीचा आहे, तो खर्च तुमच्या यादीत दिसला नाही, धरा. आणि पाचही जणींचं हॉटेल एकीच्या कार्डावर काढणार असाल तर रद्द करता येणारंच काढा. पाचही व्हिसा एकाच वेळी मिळतील असं नसतं.

कार्डाचे बारा हप्ते तर नकोच. १ लाखावर १५ टक्के व्याज धरलं तरी महिना ९ हजार, व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून वर्षात जवळपास १० हजार जास्तीचे. तुमच्याकडे महिन्याला १६ हजार उरतात. त्यातले ९ हजार वर्षभर एका संपलेल्या सहलीला जाणार आणि मध्येच आईला काही झालं तर ना एफडी, ना शिल्लक.

प्रागला जाऊ नका असं मी म्हणत नाही. एकोणतिसाव्या वर्षी पाच मैत्रिणींना एकाच वेळी सुट्टी मिळतेय, पुढे हे जमणं अवघड होत जातं. फक्त ऑगस्टऐवजी नोव्हेंबरमध्ये जा, ख्रिसमसचे बाजार भरण्याआधी. तेव्हा गर्दी ओसरलेली असते आणि हॉटेलंही उन्हाळ्यापेक्षा स्वस्त मिळतात. आजपासून आठ महिने १६ हजार बाजूला टाकलेत तर १ लाख २८ हजार होतात. त्यातून आधी टर्म विम्याचे १२ हजार भरा. उरतात १ लाख १६ हजार. चार रात्रींऐवजी तीन केल्यात तर तेवढ्यात बसवता येईल. हे पैसे पगार झाल्या दिवशी वेगळ्या खात्यात वळवा, महिनाअखेरीला उरतील ते टाकू म्हटलं तर उरत नाहीत. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे वेळही पुरेसा आहे.

शेवटी तुम्ही लिहिलंय, "आता तारीख बदला म्हटलं तर मी एकटीच मोडता घालणारी ठरेन." तिकिटं अजून काढलेली नाहीत, म्हणून आजच ग्रुपवर लिहा. "मला ऑगस्टमध्ये जमत नाही, नोव्हेंबरमध्ये तीन रात्री केल्या तर माणशी वीस-पंचवीस हजार वाचतात," एवढंच पुरे, पॉलिसीचं कुणाला सांगायची गरज नाही. पाच जणींत १ लाख ४० हजार जड जाणाऱ्या तुम्ही एकट्याच असाल असं मला वाटत नाही. तारीख नाहीच बदलली तर या खेपेला त्यांना जाऊ द्या आणि साठवलेले पैसे तसेच राहू द्या. कंपनीचे दोन आकडे लेखी आले की मला पाठवा, सरेंडर की पेड-अप ते त्यावरून सांगतो.